मंत्रिमंडळ, मंत्रिपरिषद आणि कॅबिनेट नोट: दिल्लीत निर्णय नेमका होतो कुठे?

पाटीपेन्सिल

घरात वाद झालाय, म्हणून हा धागा. भाचा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. जेवताना मी सहज म्हणून गेलो, "केंद्रीय मंत्रिमंडळात ७२ माणसं. एवढी माणसं एका टेबलाभोवती बसून ठरवतात तरी काय?" तो ताटावरून मान वर न करता म्हणाला, "मामा, ते ७२ मंत्रिपरिषदेत. मंत्रिमंडळ वेगळं."

मी पेपर दाखवला. मथळा होता 'मंत्रिमंडळाचा शपथविधी'. तो म्हणाला, पेपर चूक.

जाणकारांनी उजेड पाडावा. या दोन गोष्टी खरंच वेगळ्या आहेत का? आणि आत बसल्यावर काय चालतं? हात वर करून मतदान होतं का? राज्यमंत्री तिथे असतो का? भाच्यापुढे मामाची लाज राखा, एवढीच विनंती.

कलमकसाई

लाज राखता येणार नाही, भाचा बरोबर आहे. :)

९ जून २०२४ ला शपथ घेतली ती पंतप्रधान, ३० कॅबिनेट मंत्री, ५ स्वतंत्र प्रभार असलेले राज्यमंत्री आणि ३६ राज्यमंत्र्यांनी. एकूण ७२. ही सगळी मिळून मंत्रिपरिषद. पंतप्रधान आणि कॅबिनेट दर्जाचे मंत्री एवढ्यांचंच मंत्रिमंडळ. मराठी वर्तमानपत्रं दोन्हीला मंत्रिमंडळच म्हणतात, त्यामुळे मामांना दोष देण्यात अर्थ नाही.

गंमत अशी की घटनेत सगळीकडे मंत्रिपरिषदच आहे. कलम ७४ म्हणतं, राष्ट्रपतींना साहाय्य आणि सल्ला देण्यासाठी पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली मंत्रिपरिषद असेल. कलम ७५ म्हणतं, ती सामूहिकरीत्या लोकसभेला जबाबदार असेल. १९५० च्या मूळ घटनेत 'कॅबिनेट' हा शब्दच नव्हता. तो घुसला १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने, तोही एकाच ठिकाणी, कलम ३५२ मध्ये, म्हणजे आणीबाणीच्या कलमात. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणीची उद्घोषणा काढायची नाही, असं तिथे लिहून ठेवलं. का लिहावं लागलं ते सगळ्यांना माहीत आहे.

आकड्यावरही लगाम आहे. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीनंतर पंतप्रधान धरून मंत्र्यांची संख्या लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त करता येत नाही. ५४३ चे १५ टक्के ८१.४५, म्हणजे ८१ च्या वर नाही.

तिखटमीठ

म्हणजे देश चालवणाऱ्या मंडळाचा उल्लेख घटनेत एका ओळीपुरता? मग ते चालतं कशाच्या जोरावर? परंपरेच्या?

कलमकसाई

नाही हो, कागदाच्याच जोरावर. कलम ७७(३) नुसार राष्ट्रपती सरकारी कामकाजाचे नियम करतात. त्याखाली १९६१ साली दोन नियमावल्या झाल्या आणि दिल्ली आजही त्यांच्यावरच चालते. पहिली कार्यविभाजनाची: कुठला विषय कुठल्या मंत्रालयाचा. नवं मंत्रालय काढायचं तर हीच नियमावली दुरुस्त करतात. जुलै २०२१ मध्ये सहकार मंत्रालय निघालं ते असंच, त्यासाठी संसदेत कायदा करावा लागला नाही. अर्थ मंत्रालय म्हणजे एक खातं असं आपल्याला वाटतं, पण त्याच्या पोटात व्यय, महसूल, आर्थिक व्यवहार, वित्तीय सेवा असे वेगवेगळे विभाग आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र सचिव.

दुसरी नियमावली कामकाज चालवण्याची. कुठलं प्रकरण मंत्री स्वतःच्या सहीने निकालात काढू शकतो, कुठलं मंत्रिमंडळापुढे न्यावंच लागतं, कुठलं समितीकडे जातं, हे तिच्या परिशिष्टांत आहे. विधेयकं, अध्यादेश, परदेशांशी करार, दोन मंत्रालयांचं न जुळलेलं भांडण, हे सगळं मंत्रिमंडळाकडे.

रानवारा

राज्यमंत्र्याचं राहिलं की. आमच्याकडे निम्म्या लोकांना वाटतं राज्यमंत्री म्हणजे राज्यातला मंत्री आणि केंद्रीय मंत्री म्हणजे दिल्लीचा. मग "केंद्रीय राज्यमंत्री" ऐकलं की डोकं गरगरतं.

कलमकसाई

हा हा, खरं आहे. त्या 'राज्य'चा महाराष्ट्र-गुजरातशी काही संबंध नाही, तो दर्जा आहे. राज्यमंत्री कॅबिनेट मंत्र्याच्या हाताखाली काम करतो. स्वतंत्र प्रभार असेल तर त्याच्यावर त्या खात्यात दुसरा मंत्री नसतो. पण मंत्रिमंडळाच्या बैठकीला दोघांनाही आपोआप खुर्ची नाही. स्वतंत्र प्रभारवाल्याला त्याच्या खात्याचा विषय असेल तेव्हा बोलावतात. विषय झाला की नमस्कार, बाहेर.

जुनाबाबू

बरेच दिवस नुसता वाचत होतो, या धाग्यावर राहवलं नाही.

मी मोठा अधिकारी नव्हतो. दिल्लीत एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर म्हणून लागलो, अंडर सेक्रेटरी म्हणून निवृत्त झालो. मंत्रालयाचं नाव सांगत नाही. मंत्रिमंडळाची बैठक मी आयुष्यात पाहिलेली नाही. पण त्या टेबलावर जे कागद जातात ते टंकण्यात, तपासण्यात आणि त्यांच्यामागे पळण्यात माझी हयात गेली, आणि माझं मत असं की बैठक हा त्या सगळ्या प्रकाराचा सर्वांत छोटा भाग आहे.

त्या कागदाला म्हणतात कॅबिनेट नोट. मंत्र्यांच्या मनात काही आलं म्हणून ते थेट बैठकीत मांडत नाहीत. आधी मसुदा होतो. तो ज्या ज्या मंत्रालयांचा संबंध येतो त्यांच्याकडे अभिप्रायासाठी जातो. पैसा लागणार असेल तर व्यय विभाग, कायदा असेल तर विधि मंत्रालय. ही दोन दारं चुकवून कोणी पुढे गेलेलं मी पाहिलं नाही. प्रत्येक मंत्रालय काहीतरी लिहितं. कोणी "हरकत नाही" लिहून मोकळं होतं. कोणी चार पानं लिहितं. कोणी काहीच लिहीत नाही, आणि ते सर्वांत वाईट. मग फोन, स्मरणपत्र, पुन्हा फोन, "साहेब दौऱ्यावर आहेत".

आलेले सगळे अभिप्राय नोटला जोडायचे, आणि शेजारच्या रकान्यात आपलं उत्तर. म्हणजे व्यय विभाग म्हणाला की एवढा खर्च कशाला, तर त्याचं म्हणणं लपवता येत नाही. ते पंतप्रधानांच्या समोर जाणाऱ्या कागदात जसंच्या तसं असतं. म्हणून खरी घासाघीस इथेच होते. विरोध कागदावर दिसू नये म्हणून आधीच मसुदा बदलतात, आकडा खाली आणतात, एखादं कलम गाळतात. तरी मिटलं नाही तर कॅबिनेट सचिव संबंधित सचिवांना एकत्र बसवतात. त्यातूनही उरलं तर ते खऱ्या अर्थाने मंत्रिमंडळापुढे जातं.

आता पाटीपेन्सिल यांचा प्रश्न. मतदान होत नाही. विषय निघतो, ज्यांना बोलायचंय ते बोलतात, पंतप्रधान सार काढतात, तोच निर्णय. इतिवृत्तात कोण काय म्हणालं हे सहसा येत नाही. आमच्याकडे परत यायची ती एक ओळ: मंत्रिमंडळाने अमुक तारखेची नोट विचारात घेतली आणि तिच्यातल्या परिच्छेद अमुकमधला प्रस्ताव मंजूर केला.

त्या ओळीतला परिच्छेदाचा आकडा लक्षात ठेवा. एकदा त्या आकड्यापायी माझी झोप उडाली होती. पुढे सांगतो, नातू आलाय.

तिखटमीठ

जुनाबाबू, असं अर्धवट सोडून जाणं बरं नव्हे.

पण तोवर माझा मुद्दा. हे सगळं ऐकायला फार छान: अभिप्राय, रकाने, घासाघीस. कामकाज चालवण्याच्या त्या दुसऱ्या नियमावलीत नियम १२ नावाची एक खिडकी आहे, ती कोणी सांगितली नाही. पंतप्रधानांना आवश्यक वाटेल तिथे या नियमांना सोडून वागण्याची परवानगी ते देऊ शकतात, किंवा झालेलं वागणं माफ करू शकतात. एका ओळीचा नियम. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या उद्घोषणेवर राष्ट्रपतींची सही झाली आणि मंत्रिमंडळ बसलं २६ ला सकाळी सहा वाजता. मंत्री आले तेव्हा ठरवायला काही उरलंच नव्हतं.

आणि महाराष्ट्राने तर हा नियम झोपेतून उठून पाहिलाय. २३ नोव्हेंबर २०१९. राष्ट्रपती राजवट पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली, आठच्या आत राजभवनात शपथविधी. केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक कधी झाली? झालीच नाही, नियम १२ वापरला, मान्यता मागाहून.

कलमकसाई

खिडकी आहे हे मान्य, आणि मला ती आवडत नाही हेही मान्य. युद्ध, आपत्ती अशा वेळी तिची गरज समजू शकतो. पहाटेचा शपथविधी ही आपत्ती होती का, ते ज्याने त्याने ठरवावं. (राजकारण इथेच थांबवूया, नाहीतर धागा भरकटेल.)

पण म्हणूनच ४४ वी दुरुस्ती महत्त्वाची. नियम १२ हा फक्त नियम आहे, घटना त्याच्या वर. आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय ही अट आता घटनेत आहे, त्यामुळे तिथे ही खिडकी बंद. राष्ट्रपती राजवटीच्या कलम ३५६ मध्ये तशी अट नाही, म्हणून तिथे उघडी.

उलट दिशेची एक तरतूद कोणी फारशी सांगत नाही: कलम ७८(क). एखाद्या मंत्र्याने एकट्याने निर्णय घेतला आणि मंत्रिपरिषदेने त्यावर विचार केलेला नसेल, तर राष्ट्रपती पंतप्रधानांना सांगू शकतात की हे परिषदेपुढे ठेवा.

कलमकसाई

स्वतःलाच दुरुस्त करतो. वर ७८(क) लिहिलं, ते ७८(ग) हवं. भाच्याने पेपरात माझं वाचून लिहिलं तर मार्क जातील. :(

रानवारा

आणि त्या समित्या? बातम्यांत कधी 'सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समिती', कधी 'आर्थिक व्यवहार समिती'. सगळं समित्यांतच होत असेल तर पूर्ण मंत्रिमंडळ कशाला?

कलमकसाई

समित्या पंतप्रधान नेमतात, कोण कुठे हेही तेच ठरवतात. सगळ्यांत वजनदार सुरक्षा समिती: पंतप्रधान आणि संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र या चार खात्यांचे मंत्री. पाच माणसं. सगळ्यांत छोटी नियुक्त्यांची समिती: पंतप्रधान आणि गृहमंत्री. दोघंच! वरच्या पदांवरच्या सचिवांच्या नेमणुका या दोघांच्या सहीने होतात. आर्थिक व्यवहार समिती हमीभावापासून महामार्गांपर्यंत सगळं पाहते. सरकारी घरं कोणाला द्यायची याचीसुद्धा एक समिती आहे, आणि तिच्यात पंतप्रधान नसतात. शहाणपणाचं आहे ते, बंगल्यांच्या भांडणात कोण पडेल.

याशिवाय मंत्रिगट, म्हणजे एखाद्या प्रश्नापुरता नेमलेला काही मंत्र्यांचा गट. मनमोहन सिंग सरकारात त्यांचं पीक आलं होतं. मोदी सरकारने ३१ मे २०१४ ला ९ अधिकारप्राप्त (स्वतः निर्णय घेऊ शकणारे) मंत्रिगट आणि २१ मंत्रिगट एका फटक्यात बरखास्त केले.

गोदाकाठ

समित्यांचा विषय निघालाच आहे तर मला राहवत नाही. रानवारा यांनी आत्ता विचारलं, "सगळं समित्यांतच होत असेल तर पूर्ण मंत्रिमंडळ कशाला?" हा प्रश्न १९५१ साली एका माणसाने विचारला आहे, आणि तो माणूस मंत्रिमंडळाच्या आत बसत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल हे कारण सगळ्यांना ठाऊक असतं. पण राजीनाम्याचं निवेदन वाचलं की दिसतं, त्यात मंत्रिमंडळ चालतं कसं यावरही एक तक्रार आहे. त्यांना परराष्ट्र किंवा संरक्षण अशा महत्त्वाच्या समित्यांवर घेतलं नव्हतं. खरं काम समित्या बंद दाराआड करतात, बाकीच्या मंत्र्यांना काही कळत नाही, आणि मंत्रिमंडळ म्हणजे समित्यांनी आधीच केलेल्या निर्णयांची नोंद करणारी कचेरी होऊन बसलं आहे, असं त्यांनी म्हटलं आहे. नियमावल्या व्हायच्या दहा वर्षं आधी!

पाच वर्षांनी दुसरा मराठी माणूस. चिंतामणराव देशमुख, अर्थमंत्री. १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित ठेवण्याचं नेहरूंनी जाहीर केलं आणि देशमुख बाहेर पडले. आपण ते संयुक्त महाराष्ट्रासाठीचा त्याग म्हणून आठवतो, तसा तो होताच. पण लोकसभेतल्या त्यांच्या निवेदनाचा कणा कार्यपद्धतीचा आहे: हा प्रस्ताव मंत्रिमंडळात विचारासाठी आला नाही, कागद फिरवूनही मत घेतलं नाही, आणि ज्या मंत्र्यांना या विषयात खास आस्था आहे हे माहीत होतं, जसा मी, त्यांनाही विचारलं नाही. नेहरूंना हा आरोप मान्य नव्हता, पण देशमुख हटले नाहीत.

मला हे दोन राजीनामे एकत्र वाचायला आवडतात. सामूहिक जबाबदारी म्हणजे निर्णय पटला नाही तरी बाहेर त्याचं समर्थन करायचं, नाहीतर पद सोडायचं. दोघांनी पद सोडलं. पण दोघांचं म्हणणं असं की जबाबदारी सामूहिक हवी तर आधी विचारणंही सामूहिक हवं. मला न विचारता घेतलेल्या निर्णयाला मी का बांधील?

तिखटमीठ

दंडवत. माझ्या नियम १२ च्या आरडाओरड्यापेक्षा हे शंभर पटीने नेमकं आहे.

आजीचाबटवा

+१ गोदाकाठ.

जरा अवांतर. १९८९ चा डिसेंबर, दूरदर्शनवर शपथविधी. देवीलाल शपथ घ्यायला उभे. राष्ट्रपती व्यंकटरामन सांगतायत 'मंत्री', हे म्हणतायत 'उपप्रधानमंत्री'. राष्ट्रपतींनी पुन्हा सांगितलं 'मंत्री', हे पुन्हा 'उपप्रधानमंत्री'. आमच्या घरी सगळे लोटपोट. ते पद घटनेत नाही म्हणे?

कलमकसाई

नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालय म्हणालं, शपथेचा गाभा पाळला गेलाय, 'उपप्रधानमंत्री' हे फक्त वर्णन आहे, त्याने पंतप्रधानांचे अधिकार मिळत नाहीत. बाकी सगळ्या बाबतीत ते इतरांसारखेच मंत्री. आपले यशवंतराव चव्हाणही १९७९ मध्ये चरणसिंगांच्या सरकारात उपपंतप्रधान होते.

रानवारा

एकदा मंत्रिमंडळाने ठरवलं की ते फिरत नाही ना?

तिखटमीठ

फिरतं की. सप्टेंबर २०१३. दोषी ठरलेल्या खासदार-आमदारांना वाचवणारा अध्यादेश मंत्रिमंडळाने मंजूर केला. तीन दिवसांनी राहुल गांधी पत्रकार परिषदेत येऊन म्हणाले, हा फाडून फेकला पाहिजे. ते मंत्रीसुद्धा नव्हते. २ ऑक्टोबरला त्याच मंत्रिमंडळाने तो मागे घेतला. गोदाकाठ यांच्या दोन राजीनाम्यांच्या शेजारी हे ठेवून बघा. त्या दिवशी राजीनामा एकानेही दिला नाही.

पाटीपेन्सिल

मंडळी, भाच्याने सगळा धागा वाचला. मला म्हणाला, "मामा, आता तुमचं बरोबर आहे," म्हणजे नेमकं काय ते मला कळलं नाही.

त्याचा एक प्रश्न आहे, माहिती अधिकारात ही कॅबिनेट नोट मागता येते का? आणि माझा एक: जुनाबाबू, नातू झोपला असेल तर त्या परिच्छेदाचं सांगा.

कलमकसाई

नोटचं: कायद्याच्या कलम ८(१)(झ) मध्ये सूट आहे, पण कायमची नाही. निर्णय झाल्यावर, प्रकरण पूर्ण संपल्यावर निर्णय, त्याची कारणं आणि त्यामागची सामग्री खुली करायची असते, बाकीच्या सुटींत बसत नसेल तर. "प्रकरण पूर्ण संपलं" कधी, यावर मात्र अर्ज वर्षानुवर्षं लटकतात. (या वेळी अक्षर वाचकांनी स्वतः तपासून घ्यावं, माझा वर्णमालेशी छत्तीसचा आकडा आहे. इंग्रजी प्रतीत ते 8(1)(i) आहे.)

जुनाबाबू

सांगतो. योजना कुठली ते विचारू नका.

नोटमध्ये प्रस्ताव परिच्छेद ९ मध्ये होता आणि शेवटी "परिच्छेद ९ मधील प्रस्तावास मंजुरी द्यावी" असं लिहिलेलं. मंत्र्यांची सही झाली. सही व्हायच्या आदल्या संध्याकाळी व्यय विभागाच्या आग्रहाखातर मध्ये एक परिच्छेद वाढला होता, त्यांच्या हरकतीचा. तोच झाला ९. प्रस्ताव सरकला १० वर. शेवटचं वाक्य मात्र तसंच राहिलं. ते मी तपासायचं होतं.

प्रती कॅबिनेट सचिवालयात गेल्या. विषय बैठकीला लागला असता तर देशाच्या मंत्रिमंडळाने आमची योजना सोडून, तिच्यावरची व्यय विभागाची हरकत मंजूर केली असती, तीही एका ओळीत, आणि ती ओळ पुन्हा मंत्रिमंडळाकडे गेल्याशिवाय कोणाला बदलता आली नसती.

तिकडच्या एका अधिकाऱ्याच्या लक्षात आलं. फोन आला. आवाज शांत. "तुम्हाला नक्की ९ च मंजूर हवंय का?" मी फाईल उघडली आणि पायाखालची जमीन सरकली. गोपनीय कागद, प्रत्येक प्रतीवर क्रमांक, म्हणून सगळ्या मोजून परत आणल्या, शेवटचं पान बदललं, सहसचिवांनी एक शब्द न बोलता माझ्याकडे दोन मिनिटं पाहिलं, आणि रात्री साडेनऊला मी त्या पुन्हा पोचवल्या.

बुधवारी विषय मंजूर झाला. गुरुवारी ती एक ओळ आली. मी सर्वांत आधी आकडा पाहिला. १०.